सदनिकेत रेडिओसाठी चांगले ग्राउंड कसे मिळवावे?

लघुलहर

नमस्कार. मी ठाण्यात सात मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो आणि हौशी रेडिओचा परवाना हाती आल्यापासून मुख्यतः ४० मीटर (७ मेगाहर्ट्‌झ) व २० मीटर (१४ मेगाहर्ट्‌झ) या दोन बँडांवर काम करतो. गच्चीवर अँटेना उभारायला सोसायटीची परवानगी अजून मिळालेली नाही. त्यामुळे बाल्कनीच्या कोपऱ्यातून कुंपणाजवळच्या झाडापर्यंत साधारण १३ मीटर लांबीची एकच तार नेली आहे. ही तार खोलीतल्या ट्यूनरला (अँटेना रेडिओशी जुळवणाऱ्या पेटीला) थेट जोडलेली आहे, ट्यूनरपासून रेडिओपर्यंत कोॲक्सचा (बाहेर धातूची जाळी असलेल्या केबलचा) छोटा तुकडा आहे आणि रेडिओ १०० वॅटचा आहे.

७ मेगाहर्ट्‌झवर ४०-५० वॅटच्या पुढे गेले की माइकची धातूची जाळी ओठाला चटका देते, संगणकाचा यूएसबी संपर्क तुटतो आणि माझा आवाज फाटत असल्याचे समोरचे स्टेशन सांगते. ट्यूनरच्या पेटीवर हात ठेवला की एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळवणी कितपत आहे ते दाखवणारे गुणोत्तर) बदलतो. १४ मेगाहर्ट्‌झवर मात्र यातले जवळजवळ काहीच होत नाही. ट्यूनरच्या मागचा ग्राउंडचा स्क्रू तीन पिनी सॉकेटच्या अर्थला जोडला, तेव्हा चटका कमी झाला, पण रिसीव्हरमधली खरखर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर एस-३ वरून एस-७ पर्यंत चढली आणि शेजारच्या घरातल्या स्पीकरमधून माझा आवाज ऐकू येऊ लागला. ती जोडणी मी लगेच काढली.

आता विचार असा आहे की डक्टमधून जाड तांब्याची तार तळमजल्यापर्यंत सोडावी आणि कुंपणालगत मीठ-कोळसा घालून स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करावा. सचिवांची त्याला हरकत नाही. हा खर्च सार्थकी लागेल का? बाल्कनीची लोखंडी ग्रिल, डक्टमधला जुना जीआय पाइप किंवा इमारतीच्या सळया यांपैकी काही ग्राउंड म्हणून वापरता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मध्यमलहर

लघुलहर, आपण लक्षणे नीट नोंदवली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. खड्डा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

‘ग्राउंड’ या एका नावाखाली तीन वेगळी कामे येतात. विजेच्या उपकरणाच्या आवरणात फेज उतरला तर त्याला वाट देऊन फ्यूज किंवा एमसीबी उडवणे, हे पहिले काम. आकाशातली वीज जमिनीत नेणे, हे दुसरे. अँटेनात जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला परतीची वाट देणे, हे तिसरे. पहिली दोन कामे जमिनीशिवाय होत नाहीत, परंतु तिसऱ्या कामाला जमीन अजिबात अनिवार्य नाही. हर्ट्‌झने १८८० च्या दशकात जे प्रयोग केले त्यांत तारेचे दोन समान भाग होते आणि जमिनीचा संबंध नव्हता. मार्कोनीने १८९५ च्या सुमारास त्यातला एक भाग उंच चढवला आणि दुसऱ्या भागाऐवजी जमीन वापरली, त्यामुळे पल्ला वाढला. आपली १३ मीटरची तार हा अँटेनाचा एकच भाग आहे. दुसरा भाग आपण दिलेला नाही, म्हणून रेडिओने तो स्वतःच शोधला आहे: माइकची वायर, यूएसबीची वायर, वीजपुरवठ्याची वायर आणि आपला स्वतःचा देह.

७.१ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर आहे, म्हणजे आपली तार तरंगलांबीच्या साधारण ०.३१ पट भरते. पाव तरंगाच्या जवळपासच्या तारेत मुळाशी प्रवाह मोठा असतो आणि तेवढाच प्रवाह परतीच्या वाटेवरही वाहावा लागतो. १४.२ मेगाहर्ट्‌झवर मात्र तीच तार अर्ध्या तरंगाहून थोडी मोठी होते, तिच्या मुळाशी व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी असतो, त्यामुळे परतीची वाट वाईट असली तरी निभावते. आपल्याला एका बँडवर त्रास होतो आणि दुसऱ्यावर होत नाही, याचे कारण हेच आहे.

आता खड्ड्याकडे वळू. चौथ्या मजल्यापासून जमिनीपर्यंतची तारही सुमारे १३ मीटर भरेल. खाली खड्डा कितीही उत्तम केला तरी वरच्या टोकाला, म्हणजे आपल्या ट्यूनरपाशी, काय दिसते हे महत्त्वाचे आहे. टोकाला जमिनीशी जोडलेली तार पाव तरंगाच्या लांबीची असेल तर दुसऱ्या टोकाला ती जवळजवळ खंडित तारेसारखी वागते. १३ मीटर तारेचा हिशेब मांडला तर ७ मेगाहर्ट्‌झवर हजार ओहमच्या वर आणि १४ वर चारशे-साडेचारशे ओहमचा अडथळा निघतो. तांब्याची जाडी वाढवून यात फारसा फरक पडत नाही, कारण ७ मेगाहर्ट्‌झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाच्या केवळ ०.०२५ मिलिमीटर थरातून वाहतो आणि अडथळा मुख्यतः तारेच्या इंडक्टन्सचा (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याच्या गुणाचा) असतो. सरळ तारेचा इंडक्टन्स मीटरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरावा. एवढ्याने ७ मेगाहर्ट्‌झला दर मीटरमागे ४४ ओहम येतात. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला कदाचित खड्ड्याचा थोडा उपयोग होईल, चौथ्या मजल्यावर होणार नाही. शिवाय ती लांब तार स्वतः अँटेना बनून चार मजल्यांच्या भिंतींना लागून प्रक्षेपण करील, ते वेगळेच.

म्हणून सदनिकेत ग्राउंड शोधत बसू नये. आपल्याच मजल्यावर अँटेनाचा राहिलेला अर्धा भाग तारेने बांधून काढावा. हा भाग कसा बांधावा ते पुढच्या प्रतिसादात लिहितो.

फेजन्यूट्रल

मध्यमलहर यांच्याशी सहमत आहे. मी इमारतींच्या विद्युत कामात असल्याने सुरक्षेच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, कारण या धाग्यातले वाचून कोणी रेडिओच्या पिनची अर्थ काढून टाकील अशी मला भीती वाटते. तसे कदापि करू नये. तीन पिनी प्लगची अर्थ रेडिओच्या कामाची नसली तरी जिवाच्या कामाची आहे. आरएफची (रेडिओच्या उच्च वारंवारतेच्या प्रवाहाची) व्यवस्था तिच्या जोडीला करावी, तिच्या जागी करू नये.

लघुलहर, आधी एक तपासणी करा. माइकचा चटका केवळ ट्रान्समिट करताना जाणवतो, की नुसता रिसीव्हर चालू असतानाही जाळीला हात लावल्यावर मुंग्या येतात? स्विचिंग वीजपुरवठ्यांत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून आवरणापर्यंत छोटे कपॅसिटर असतात. घरातली अर्थ तुटलेली असेल तर त्या कपॅसिटरांमुळे आवरण २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने झटका बसत नाही, पण मुंग्या येतात. अनेक जण या मुंग्यांना आरएफ समजून अँटेनात बदल करत बसतात. आरएफचा चटका एका बिंदूवर भाजल्यासारखा असतो आणि बटण सोडताच थांबतो. मल्टिमीटरने सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेजही मोजा. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. बरेच जास्त असेल किंवा फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्टेज मिळत नसेल तर वायरमनला बोलावून आधी ते दुरुस्त करून घ्या.

अर्थ पिनला ट्यूनर जोडल्यावर खरखर का वाढली, तेही सांगतो. इमारतीची अर्थ वायर मीटर रूमपासून प्रत्येक घरात फिरलेली असते आणि प्रत्येक घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी यांच्या त्या छोट्या कपॅसिटरांतून गळणारा गोंगाट तिच्यात उतरतो. लिफ्टला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) असेल तर त्याचाही. ही सगळी वायर आपण अँटेनाचा अर्धा भाग म्हणून रिसीव्हरला जोडली, त्यामुळे गोंगाट आत आला. ट्रान्समिट करताना उलट दिशेने तेच घडले आणि शेजारच्या स्पीकरमध्ये आपला आवाज गेला.

स्वतंत्र खड्ड्याला माझाही विरोध आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी न जोडलेला दुसरा अर्थ रॉड आपण रेडिओला जोडला तर रेडिओच्या आवरणात दोन वेगळ्या जमिनी एकत्र येतात. जवळपास वीज पडली किंवा इमारतीत मोठा दोष उद्भवला तर त्या दोन जमिनींमध्ये शेकडो-हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो प्रवाह आपल्या टेबलावरून वाट काढतो. भारतीय मानक आयएस ३०४३ अर्थिंगच्या कामासाठी आहे, आणि एका इमारतीतली अर्थिंगे परस्परांशी जोडलेली असावीत हा नियम त्यात उगाच नाही.

गॅसच्या पाइपला काहीही जोडू नये. त्यावर चर्चाही नको. डक्टमधला जीआय पाइपही सोडून द्या. आपल्या मजल्यावर जीआय दिसत असला तरी खाली-वर कोणी ना कोणी नळदुरुस्तीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, तुकडा घातलेला असतो, आणि पाइप सलग असलाच तर आपला आरएफ दुसऱ्या कोणाच्या तरी स्नानगृहातल्या नळापर्यंत जातो.

लघुलहर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तपासणी केली. चटका फक्त ट्रान्समिट करतानाच बसतो. न्यूट्रल-अर्थमध्ये दीड व्होल्टच्या आसपास आहे आणि फेज-अर्थ २३२ दाखवतो, म्हणजे घरातली अर्थ ठीक दिसते. खड्ड्याचा बेत रद्द केला. ग्रिलविषयी कोणाचा अनुभव आहे का? माझ्या बाल्कनीची ग्रिल पुढे आलेली, पेटीसारखी, साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच आहे.

खाडीकाठ

मी रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ग्रिलचाच उपयोग करतो, म्हणून लिहितो. ग्रिल चांगली आहे, पण ग्रिलच्या सांध्यांवर सगळे अवलंबून आहे.

प्रथम जोडणीची जागा. ग्रिलवर तेलरंगाचे तीन-चार थर असतात आणि त्यांच्याखाली लाल प्रायमर असतो. मी चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस थेट लागत नाही, रुपयाच्या नाण्याएवढा भाग कानशीने चमकणारे लोखंड दिसेपर्यंत खरवडला, त्यात भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवला आणि दातेरी वॉशर घातले. तांब्याची पट्टी लोखंडावर थेट दाबली नाही, कारण खाऱ्या हवेत तांबे आणि लोखंड एकमेकांना लागून राहिले की एका पावसाळ्यात लोखंड खाल्ले जाते. मध्ये कथिलाचा मुलामा असलेला लग आणि स्टेनलेस वॉशर ठेवला आणि सगळे घट्ट झाल्यावर वरून ग्रीस व रंग दिला. ट्यूनर ते बोल्ट हे अंतर अर्ध्या मीटरच्या आत ठेवले असून त्यासाठी जुन्या जाड कोॲक्सची वरची जाळी काढून चपटी करून वापरली आहे. गोल तारेपेक्षा रुंद, चपट्या पट्टीचा इंडक्टन्स कमी असतो.

दुसरी गोष्ट गंजाची, आणि ती फार महत्त्वाची आहे. वेल्डिंग सुटलेला, गंजलेला सांधा एका दिशेने प्रवाह जास्त सोडतो आणि दुसऱ्या दिशेने कमी, म्हणजे तो डायोडसारखा वागतो. त्यातून ग्रिलमध्ये मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट वारंवारता तयार होतात. रेडिओ निर्दोष असूनही शेजाऱ्याच्या रेडिओ-टीव्हीत व्यत्यय येतो, आणि कारण सापडत नाही. माझ्याकडे वाऱ्याने ग्रिल हलली की रिसीव्हरमध्ये कडकड ऐकू यायची. कपडे वाळत घालण्याच्या दांडीचे दोन आकडे गंजलेले निघाले. दांडी काढून नायलॉनची दोरी लावली आणि दोन सांधे पुन्हा वेल्ड करून घेतले, त्यानंतर कडकड थांबली. आपण ग्रिल जोडण्याआधी ती मुठीने ठोकून पाहा आणि रिसीव्हर ऐका.

तिसरे असे की तीन बाय दोन मीटरची ग्रिल ७ मेगाहर्ट्‌झसाठी लहान आहे. एकटीच्या भरवशावर २० मीटर, १५ मीटर आणि १० मीटर हे बँड चांगले चालतात. ४० मीटरला तिला तारेची जोड द्यावीच लागते.

मध्यमलहर

खाडीकाठ यांनी फार मोलाचे लिहिले आहे. सळयांविषयीचा प्रश्न राहिला होता. सळया काँक्रीटमध्ये बांधणीच्या तारेने बांधलेल्या असतात, त्यांचे सांधे कसे आहेत ते दिसत नाही आणि तुळई-खांब फोडून त्यांना जोडणे हा संरचनेला धोका आहे. त्यांना हात लावू नये. त्यांचा परिणाम तसाही होतोच, तो पुढे येईल.

आता तारेचा भाग. प्रत्येक बँडसाठी पाव तरंगाची एक तार, जिला आपण रेडियल म्हणतो, ट्यूनरच्या ग्राउंड स्क्रूला जोडायची. लांबी मीटरमध्ये हवी तर ७१.३ ला मेगाहर्ट्‌झने भागावे: ७.१ साठी १० मीटर, १४.२ साठी ५ मीटर, २१.२ साठी ३.४ मीटर, २८.५ साठी अडीच मीटर. दूरचे टोक कशालाही जोडायचे नाही. खुल्या टोकाची पाव तरंगाची तार जोडणीच्या टोकाला अत्यल्प अडथळा दाखवते, म्हणजे रेडिओला तिथे ग्राउंड दिसते, मग खाली चार मजले असोत की चौदा.

ही सूत्रातली लांबी मोकळ्या हवेतली आहे. घरात तार पीव्हीसी आवरणाची असते, भिंतीच्या कडेने जाते, आणि भिंतीत-स्लॅबमध्ये वर सांगितलेल्या सळया असतात. या सर्वांमुळे तार विद्युतदृष्ट्या लांब होते आणि १० मीटर कापलेली तार ७.१ च्या खालीच कुठेतरी जुळते. म्हणून आधी सूत्राप्रमाणे कापावी, बसवावी, आणि जागेवर बसल्यावरच छाटत आणावी. तार बाल्कनीच्या कठड्याच्या बाहेरून नेता आली तर सर्वोत्तम. ते शक्य नसेल तर स्कर्टिंगच्या वरून, दाराच्या चौकटीला वळसा घालत न्यावी. सरळ रेषेत जाणे अनिवार्य नाही, परंतु तार स्वतःवरच परत दुमडू नये आणि गुंडाळी करून कोपऱ्यात टाकू नये. वीजवायरिंगच्या केसिंगला समांतर नेऊ नये.

जुळवणी कशी पाहायची? एसडब्ल्यूआर पाहून नव्हे, कारण ट्यूनर तो काहीही करून खाली आणतो. तारेतला प्रवाह पाहावा. दुभंगणारे फेराइटचे कडे घ्या, त्यावर दहा-पंधरा वेढे बारीक तार गुंडाळा, तिला ५० ओहमचा रोध, एक शॉटकी डायोड, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि छोटा मायक्रोअँपिअर मीटर जोडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हे सामान शोधावे. कडे रेडियलवर, ट्यूनरच्या जवळ अडकवून थोड्या शक्तीने ट्रान्समिट करावे. काटा जिथे सर्वांत वर जातो ती लांबी बरोबर. हेच कडे मग माइकच्या आणि यूएसबीच्या वायरीवर अडकवून पाहा. तिथला काटा खाली गेला नसेल तर काम अपुरे आहे. सदनिकेतल्या हॅमने (हौशी रेडिओचालकाने) सर्वप्रथम बनवावे असे हे उपकरण आहे, आणि माझ्या मते ते नॅनोव्हीएनएच्याही (अँटेना मोजण्याच्या छोट्या उपकरणाच्याही) आधी हवे.

दहा मीटर तारेला घरात जागाच नसेल तर पाच मीटर तार घेऊन तिच्या मुळाशी कॉइल व बदलता कपॅसिटर एकापाठोपाठ जोडावा आणि मीटर पाहत जुळवावा. बाजारात ‘कृत्रिम ग्राउंड’ म्हणून जी पेटी मिळते तिच्यात मूलतः एवढेच असते. बँड बदलला की पुन्हा फिरवावे लागते.

एक ताकीद. रेडियलच्या मोकळ्या टोकाला प्रवाह शून्य असतो पण व्होल्टेज मोठे असते. १०० वॅटला तिथे शेकडो व्होल्ट येऊ शकतात. टोक उघडे ठेवू नये, त्यावर जाड आवरण असावे आणि ते पडद्यापासून, अंथरुणापासून व लहान मुलांच्या हातापासून दूर असावे. ही तारही प्रक्षेपण करते, हे विसरू नये. जिथे कोणी तासन्‌तास बसते किंवा झोपते त्या भिंतीवरून ती नेऊ नये, आणि घरात तार असताना शक्ती गरजेपुरतीच ठेवावी.

नवीनतरंग

मी अजून परवान्याच्या परीक्षेची तयारी करत आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी घडवलेल्या बिटएक्स मालिकेतला दहा वॅटचा संच घेण्याचा विचार आहे. एवढ्या कमी शक्तीला हा सगळा खटाटोप लागतो का? आणि ज्या अँटेनाला ग्राउंड लागतच नाही, तीच का लावू नये?

खाडीकाठ

दहा वॅटला चटका बसणार नाही आणि बहुधा यूएसबीही बंद पडणार नाही. परंतु परतीची वाट वाईट असेल तर दहातले कित्येक वॅट भिंतीत आणि वायरींत जिरतात, आणि दहा वॅटवाल्याला तेवढे वाया घालवणे परवडत नाही. शंभरवाल्याला एकवेळ परवडेल. रिसीव्हरमध्ये येणाऱ्या गोंगाटाला तर आपल्या शक्तीशी काहीच देणेघेणे नाही. त्यामुळे कमी शक्तीच्या हॅमने या विषयाकडे जास्त लक्ष द्यावे, असे मला वाटते.

उत्तरध्रुव

नवीनतरंग यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण या धाग्यात रेडियलवर जितका भर दिला जात आहे तितका देऊ नये असे माझे मत आहे. मी नागपुरात सहाव्या मजल्यावरून अर्ध्या तरंगाची टोकातून भरलेली तार वापरतो. ४० मीटरसाठी सुमारे २० मीटर तार आणि मुळाशी ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. अर्ध्या तरंगाच्या टोकाला अडथळा अडीच हजार ओहमच्या आसपास असतो. १०० वॅटला ५० ओहममध्ये १.४ अँपिअर वाहतात, तर २४५० ओहममध्ये केवळ ०.२ अँपिअर. परतीच्या वाटेला सातपट कमी काम उरते. दोन मीटरची एक तार ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला लावली की काम भागते. भिंतीच्या कडेने दहा-दहा मीटर तारा फिरवण्यापेक्षा हे मला अधिक सरळ वाटते.

मध्यमलहर

उत्तरध्रुव यांचा हिशेब बरोबर आहे, आणि २० मीटर तारेला जागा असणाऱ्याने त्यांचाच मार्ग धरावा. लघुलहर यांचे झाड १३ मीटरवर आहे, एवढीच अडचण. एक भर मात्र घालतो: ०.२ अँपिअर म्हणजे शून्य नव्हे. ती दोन मीटर तार लावली नाही तर तेच काम कोॲक्सची बाहेरची जाळी करते. ‘ग्राउंडची गरज नाही’ अशा जाहिरातीच्या बऱ्याच अँटेनांमध्ये कोॲक्सच गुपचूप रेडियल झालेली असते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला आपला रेडिओ असतो.

खऱ्या अर्थाने परतीची वाट लागत नाही ती डायपोलला, कारण तिचे दोन्ही भाग तिच्यातच आहेत. सदनिकेत पूर्ण डायपोल बसत नाही, पण बाल्कनीतून दोन बाजूंना ग्रिलपासून लांब धरलेल्या दोन कॉइलयुक्त व्हिपांची (लवचीक दांड्यांची) छोटी डायपोल २० मीटरवर समाधानकारक काम करते. दुसरा पर्याय चुंबकीय लूपचा. तांब्याच्या नळीचे मीटरभर व्यासाचे कडे आणि एक बदलता कपॅसिटर. तिला ग्राउंड लागत नाही आणि घरातल्या गोंगाटाची दिशा टाळून फिरवता येते, हे तिचे मोठे गुण. मात्र एवढ्या कड्याची कार्यक्षमता ७ मेगाहर्ट्‌झवर बरीच कमी असते, वारंवारता थोडी इकडेतिकडे सरकली की पुन्हा जुळवावी लागते, आणि १०० वॅटला कपॅसिटरवर हजारो व्होल्ट येत असल्याने साध्या रिसीव्हरमधला कपॅसिटर तिथे ठिणग्या टाकतो. नवीनतरंग, दहा वॅट आणि १४ मेगाहर्ट्‌झ यांसाठी आपण ती जरूर करून पाहा.

फेजन्यूट्रल

चोकविषयी (नको त्या वाटेचा आरएफ अडवणाऱ्या वेढ्यांविषयी) कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. रेडियलने प्रवाहाला चांगली वाट मिळते, पण वाईट वाटा बंदही कराव्या लागतात. ‘३१’ या प्रकारच्या मिश्रणाचे, सहा सेंटिमीटर बाह्य व्यासाचे फेराइटचे कडे घेऊन त्यातून बारीक कोॲक्सचे बारा-चौदा वेढे काढले की ७ मेगाहर्ट्‌झवर बाहेरच्या जाळीवरील प्रवाहाला काही हजार ओहमचा अडथळा होतो. आतला सिग्नल निर्वेध जातो. असा एक चोक रेडिओ आणि ट्यूनर यांच्या मधल्या कोॲक्सवर घालावा. संगणकाच्या यूएसबी वायरीवर आणि वीजपुरवठ्याच्या वायरीवरही लहान कड्यांतून जमतील तेवढे वेढे घ्यावेत. नुसते एकदा ओवलेले मणी ७ मेगाहर्ट्‌झवर पुरत नाहीत, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चोक वीजवायरीवर घालताना तिन्ही तारा एकत्र, अर्थसकट, कड्यातून काढाव्यात. त्यामुळे अर्थ शाबूत राहते आणि आरएफ अडतो.

मुंबई-ठाण्यात वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात वीज कडाडते, त्या काळात काम नसताना तार ट्यूनरपासून सोडवून बाल्कनीबाहेर ठेवावी. रेडियल म्हणजे विजेपासूनचे संरक्षण नव्हे.

लघुलहर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम केले, त्याचा तपशील पुढच्या वाचकांसाठी देतो. ग्रिल ठोकून पाहिली, खरखर बदलली नाही. खाडीकाठ यांच्या पद्धतीने बोल्ट बसवून ट्यूनर बाल्कनीच्या दाराशी हलवला आणि चपट्या जाळीने जोडला. २० मीटरवर तेवढ्याने माइक व यूएसबी वायरीवरचा काटा जवळजवळ शून्यावर आला. ४० मीटरसाठी बाल्कनीच्या कठड्याबाहेरून आणि पुढे दिवाणखान्याच्या स्कर्टिंगवरून १० मीटर तार नेली. छाटत छाटत ती ९ मीटरच्या किंचित खाली जुळली. रेडियलवरचा काटा सर्वांत वर गेला तेव्हाच माइकच्या वायरीवरचा सर्वांत खाली आला, ते प्रत्यक्ष पाहून मध्यमलहर यांचे म्हणणे पूर्ण पटले. रेडिओ आणि ट्यूनरच्या मध्ये चोक घातल्यावर १०० वॅटलाही चटका नाही, यूएसबी टिकून आहे आणि आवाज स्वच्छ असल्याचे समोरच्यांनी सांगितले. रिसीव्हरमधली खरखर पहिल्या एस-३ च्या आसपासच राहिली आहे. शेजाऱ्यांकडे जाऊन विचारले, त्यांच्या स्पीकरमध्ये आता काही येत नाही.

एक शंका उरली आहे. ३० मीटर बँडवर, १०.१ मेगाहर्ट्‌झला, यूएसबी पुन्हा तुटतो. तिथे ४० ची तार आणि ग्रिल या दोन्हींचा उपयोग होत नाही का?

मध्यमलहर

फार छान झाले. ३० मीटरला ९ मीटरची तार लांब पडते आणि ग्रिल अपुरी. दोन्ही जोडलेल्या असूनही त्या वारंवारतेला दोन्हींचा अडथळा बराच असतो. तिसरी तार घ्या. सूत्राने ७ मीटर येते, पण आपल्या घरात ४० ची तार सुमारे दहा टक्के आखूड जुळली आहे, त्यामुळे ही सव्वासहा ते साडेसहा मीटरच्या दरम्यान जुळेल असा अंदाज आहे. ७ मीटर कापून सुरुवात करावी आणि प्रत्येक वेळी हातभरापेक्षा कमी छाटावे. ती ४० च्या तारेला चिकटून नेऊ नये, नाहीतर दोन्हींची जुळवणी एकमेकींमुळे सरकते. बाल्कनीच्या दुसऱ्या बाजूने नेता आली तर उत्तम. बसवून झाल्यावर ४० वरचा काटा पुन्हा एकदा तपासून घ्यावा.